चालतं इंजिन कापताना

सर,

त्या सोमवारी सकाळी कपालेश्वराचं दर्शन घेऊन घरी आलो, चहाला नको म्हणालो आणि तुमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. पंचवटीतली आमची गल्ली तुम्हाला माहीत आहे. गाडी लावली की शेजाऱ्याला स्कूटर तिरकी करून काढावी लागते. इंजिन थोडं गरम केलं, कॉइलची वायर काढली, तिन्ही प्लग काढून ओट्यावर ओळीनं मांडले आणि सिलिंडरचा दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज पहिल्या भोकात बसवलं. किल्ली फिरवायला कुणीतरी हवं म्हणून बायकोला आत बसवलं आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं.

“झालंय काय गाडीला?”

“काही नाही.”

“मग उघडली कशाला?”

“काही झालंय का ते बघायला.”

“स्वतःची शुगर तपासा म्हणून दोन महिने सांगतेय, तिकडं पाय वळत नाहीत,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली.

खरं सांगायचं तर काहीतरी बिघडलेलं निघावं म्हणूनच मी बघत होतो. नुकताच देवापुढे हात जोडून आलेला माणूस मी, आणि मनात मागणं काय, तर तीनपैकी एक तरी सिलिंडर खाली निघू दे. पहिल्याचा काटा चढत जाऊन थांबला. दुसऱ्याचा त्याच रेघेवर थांबला. तिसऱ्याच्या वेळी गेज नीट बसलंय ना, हे मी दोनदा चाचपलं. काटा तिथंच आला. तीस वर्षं पळालेलं इंजिन, एकदाही सिलिंडर घासून बोअर न केलेलं, हेडसुद्धा कधी न उघडलेलं, आणि तिन्ही सिलिंडर अजून एका सुरात. मी गेज हातात धरून तसाच उभा राहिलो. “चांगलं आहे की वाईट?” बायकोनं खिडकीतून विचारलं. चांगलं आहे म्हणालो. “मग तोंड असं का?”

तोंड तसं होतं कारण सबब संपली होती. तुम्ही जाण्याआधी मला सांगितलं होतं की हे इंजिन नीट चालत असतानाच काप. मी हो म्हणालो होतो. त्याला अकरा वर्षं झाली, आणि इंजिन अजून गाडीतच होतं.

मी आयटीआयला आलो तेव्हा सिन्नरच्या पलीकडच्या आमच्या गावात इंजिन म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन एवढंच मला माहीत. हँडल मारायला दोन गडी, आवाज शिवेपर्यंत, आणि धूर निघाला की आजूबाजूच्या बोरीवरचे पक्षी उठायचे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही स्वतःची छोटी गाडी वर्कशॉपात आणलीत आणि बॉनेट उघडलंत. मी वाकून बघितलं आणि विचारलं, “सर, बाकीचं कुठंय?” सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. “एवढंच आहे,” म्हणालात. “मुंगीलाही हृदय असतं. तू बघितलंयस का कधी?”

मग तुम्ही बाहेरच्या टपरीवरून कटिंगचा ग्लास मागवलात. आठशे सीसीलाही चार कमी, त्यात तीन सिलिंडर, मग एकात मावतं किती, असं म्हणत पाणी मोजून दाखवलंत. जेमतेम तीन ग्लास. चहाचे तीन ग्लास पोटात घेणारं सिलिंडर, असे तीन मिळून पाच माणसं ओढतात, हे ऐकून मी त्या ग्लासाकडे बघतच राहिलो. “रस्त्यावर साधी पळताना पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जातो आणि पन्नास वेळा खाली येतो. प्रत्येक वेळी टोकाला जाऊन थांबतो आणि मागं फिरतो. सेकंद म्हण.” मी “एक” म्हणालो. “झाले पन्नास,” तुम्ही म्हणालात. अजून मी देवळात डोळे मिटून उभा असलो की कधीकधी तो “एक” आठवतो. आपलं नाव घेऊन होईपर्यंत कुठंतरी आत पन्नास फेऱ्या होऊन गेलेल्या असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच, हे तुमचं आवडतं वाक्य. एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, पट्ट्यावर फिरणारा एक कॅमशाफ्ट, सहा व्हॉल्व्ह. चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि फीलर गेज जवळ असलं की बहुतेक दुखणी रस्त्याच्या कडेला बसून बरी करता येतात. “दोन गोष्टी मात्र त्याला सोसत नाहीत. पाणी कमी पडलेलं आणि तेल जुनं झालेलं. माणसाचंही तेच, पण माणूस बंद पडत नाही, नुसता चिडचिड करतो.” तुम्ही हे म्हणालात की आम्ही एकमेकांकडे बघायचो, कारण दुपारी डबा उशिरा आला की तुम्ही काय करायचात ते आम्हाला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला मला तुमचा खरा राग दिसला. वर्कशॉप धुऊन झालं होतं. लेथला, व्हाइसला, पान्यांच्या फळीला हळदकुंकू लागलं होतं, झेंडूचे हार पडले होते. तुमची गाडीही पूजेला उभी होती. एअर फिल्टरचं डबडं तुम्ही साफ करायला काढून बाजूला ठेवलं होतं, म्हणजे कार्बोरेटरचं तोंड उघडंच होतं. मी गावाकडचा, पूजेत हात आखडता घ्यायची सवय नाही. चांगल्या मूठभर अक्षता मी इंजिनावर टाकल्या. नारळ फुटला, गाडी सुरू केली, आणि रेस काही उतरेना. इंजिन ओरडतंय आणि मुलं टाळ्या वाजवतायत, अंगात आलं म्हणतायत. तुम्ही किल्ली बंद केलीत, टॉर्च घेऊन आत बघितलंत आणि चिमट्यानं बटरफ्लायच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या कडेला अडकलेला तांदळाचा लाल दाणा बाहेर काढलात.

“कुणी जेवू घातलं याला?”

मी हात वर केला.

“पूजा कर. रोज कर. मी नाही म्हणणार नाही. पण आधी तोंड झाक. देवाचं नाव घेऊन टाकलेला कचरा कचराच असतो.” आणि सुट्टीच्या दिवशी, सगळे पेढे खात असताना, तुम्ही मला अख्खा कार्बोरेटर उतरवायला लावलात. इंजिनाच्या गळ्यातला हार मात्र काढू दिला नाहीत. “त्याला राहू दे. त्याची काही चूक नाही.” झेंडूच्या पाकळ्या फुंकत फुंकत मी जेट साफ केले. आणखी दोन दाणे निघाले.

पुढं मी तुमच्याच हाताखाली शिकवायला लागलो. लग्न झाल्यावर तुम्ही आणि काकू आम्हा दोघांना आणि माझ्या आईला देवीच्या दर्शनाला गडावर घेऊन गेलात. पाच माणसं, डिकीत ओटीचं सामान आणि काकूंचा पुरणपोळ्यांचा डबा. नांदुरीपासून चढ लागला तसं तुम्ही बोलणं बंद केलंत. दुसरा गिअर, खिडकी उघडी, कान बाहेर. आई मागं बसून देवीचं नाव घेत होती आणि ते इंजिन तिच्यापेक्षा संथपणे, एकाच लयीत चढत होतं. वर पोचल्यावर आम्ही सगळे पायऱ्यांकडे निघालो, तुम्ही गाडीपाशीच थांबलात. आई म्हणाली, “एवढं वर आले आन् दर्शन नाय?” तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, “ताई, तुमचं तिकडं, माझं इथं.” आईला ते आवडलं नाही. उतरताना मात्र ती मला हळूच म्हणाली, “तुझ्या मास्तराचं मन लय साफ हाय. आपल्याला चढवलं कुणी, हे तो इसरला नाय.”

आणि मग तुमच्या आजारपणातली ती खोली. तुम्ही पलंगावर, उशीला टेकून, आवाज अगदी बारीक. मी मोसंबी सोलतोय आणि तुम्ही वर्कशॉपमधल्या छेद मॉडेलांबद्दल बोलताय. “आपण कापतो ती सगळी इंजिनं मेलेली असतात. भंगारातली. बोअर खरवडलेला, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. पोरं आत बघतात आणि त्यांना वाटतं इंजिन आतून असंच दिसतं. निरोगी इंजिन आतून कुणी बघितलंच नाही, कारण चालतं इंजिन कोण कापणार?” तुम्ही थांबलात, श्वास घेतलात. “गाडी तू ने. हिला चालवता येत नाही. पण इंजिन पोरांचं. ते चांगलं आहे तोवर काप.” मी तुमच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो. त्यानंतर बाराव्या दिवशी तुम्ही गेलात.

सर, मला ते जमलं नाही. मी ते चालवत राहिलो. रोज सकाळी किल्ली फिरवली की स्टिअरिंगला तीन सिलिंडरांची ती बारीक थरथर यायची, आणि चालत्या वस्तूवर करवत चालवायची हे मला जिवंत गाय कसायाकडे नेण्यासारखं वाटायचं. मुलांनी विचारलं, काकूंनी विचारलं, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणत तीन वर्षं गेली. शेवटी मी मालेगावला गेलो. तिथल्या एका भंगारवाल्याकडे अगदी त्याच जातीचं इंजिन पडलं होतं. “घेऊन जा मास्तर,” तो म्हणाला, “याचा जीव कवाच गेलाय. कापलं तरी रडणार नाय.” ते मी आणलं, कापलं, पाण्याच्या वाटा निळ्या, तेलाच्या पिवळ्या, हवेच्या लाल रंगवल्या, टेबलावर बसवलं. सगळ्यांना सांगितलं की हे सरांचं इंजिन. काकू आल्या. त्यांनी त्या भंगाराला हार घातला आणि पदर डोळ्याला लावला. मग गाडी कशी चालते, हे त्यांनी सहज विचारलं. दुसरं इंजिन बसवलं, असं मी सांगितलं. “आवाज तोच वाटतो रे,” त्या म्हणाल्या. “काकू, या गाडीच्या सगळ्या इंजिनांचा आवाज सारखाच असतो,” मी म्हणालो.

आठ वर्षं मी त्या मॉडेलसमोर उभा राहून शिकवलं. रोज त्याला नमस्कार करून शिकवलं. तुमचं म्हणून करायचो, पण हात कुणाला जोडतोय हे मला माहीत होतं.

यंदा दिंडोरीकडची एक मुलगी वर्गात आहे. फार बोलत नाही, पण चित्र असं काढते की नट उचलून घ्यावासा वाटतो. पावसाळ्याआधीच्या एका आठवड्यात ती मॉडेलपाशी बसून सिलिंडरचं चित्र काढत होती. मी मागून जात असताना तिनं विचारलं, “सर, इथं भिंतीवर उभ्या रेघा आहेत. पुस्तकात नाहीत. अशा असतात का?” त्या रेघा म्हणजे तुटलेल्या रिंगेनं काढलेले ओरखडे. असलं सिलिंडर तेल जाळतं, धूर सोडतं, कुणीही मेकॅनिक बघता क्षणी ते बोअरला पाठवेल. पण मी तर सगळ्यांना सांगितलेलं, की हे निरोगी इंजिन आहे, सरांनी जपलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, “असतात थोड्या.”

तिनं मान डोलावली आणि रेघा काढल्या. पुढच्या आठवड्यात जर्नलं तपासायला घेतली. तिचं चित्र बघून बाकीच्यांनीही काढलेलं. सगळ्या जर्नलांत त्या उभ्या रेघा, पट्टीनं, एकसारख्या अंतरावर, आणि बाजूला बाण काढून लिहिलेलं ‘सिलिंडरच्या रेघा’. मी लाल पेन हातात धरून बसलो. जी चुकीची समजूत मोडण्यासाठी तुम्ही स्वतःचं इंजिन द्यायला निघाला होतात, ती मी माझ्या हातानं मुलांच्या वहीत लिहवली होती. त्यांच्यातला एखादा उद्या द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर गॅरेज टाकेल, कुणाचं तरी इंजिन उघडेल, ते ओरखडे बघेल आणि म्हणेल, असतात थोड्या. मी एकाही जर्नलवर सही केली नाही. त्यानंतरचा सोमवार तो, ज्या सकाळी मी गेज लावून बघितलं.

त्याच संध्याकाळी काकूंकडे गेलो. त्या आता काठी घेऊन चालतात, कान मात्र पक्के आहेत. मी सगळं सांगितलं. मालेगावचं भंगार, रंग, हार, दुसऱ्या इंजिनाची थाप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे मी कुणाच्या तरी मढ्याला हार घातला.”

“हो काकू.”

“त्याचं काही नाही. त्यालाही कुणी घातला नसेल.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “पण आवाज तोच आहे, असं मी तुला म्हटलं होतं. चाळीस वर्षं त्या माणसाच्या शेजारी बसले मी. तू मला म्हणालास, सगळ्यांचा आवाज सारखाच असतो. हे त्यांनी ऐकलं असतं ना, तर तुझी नोकरीच घालवली असती.” मी खाली मान घालून बसलो. “आता काप,” त्या म्हणाल्या. “आणि रडूबिडू नकोस पोरांसमोर. त्यांना वाटेल दुखतंय त्याला.” चहा त्यांनी विचारला नाही. निघताना दारात म्हणाल्या, की गाडीच्या पत्र्याचं काय करायचं ते कर, पण मागच्या सीटची खोळ मला आणून दे, ती मी शिवलेली आहे.

शनिवारी इंजिन उतरवलं. तेल काढलं, ते बऱ्यापैकी साफ होतं. मुलं भोवती जमली. मी हेडचे बोल्ट क्रमानं सैल केले, आणि हेड उचललं. सर, तीस वर्षांत त्या जागेवर उजेड पडला नव्हता. तीन पिस्टन, वर काजळीचा पातळ तपकिरी थर. मी क्रँक फिरवला, पहिला पिस्टन खाली गेला. भिंतीवर कारखान्यात घासलेल्या रेघा अजून जशाच्या तशा होत्या. बारीक, तिरक्या, एकमेकींना छेदून जाणाऱ्या, जाळीसारख्या. तुम्ही वर्गात फळ्यावर काढून सांगायचात, की सिलिंडर आरशासारखं गुळगुळीत असलं तर टिकत नाही, थोडं खरखरीत हवं, म्हणजे त्या जाळीत तेल थांबतं. मी ते ऐकलं होतं, शिकवलंही होतं. इतकी वर्षं पळालेल्या इंजिनात कधी बघितलं नव्हतं. सेकंदाला पन्नास वेळा, तीस वर्षं, पावसात, गडाच्या चढावर, शाळेच्या वेळेत, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागं रखडत, आणि तो पिस्टन त्या भिंतीला लागलाच नव्हता. मधल्या तेलानं सगळं झेललं होतं. मी मनात हात जोडले. कुणाला जोडले ते सांगता येणार नाही. ज्यानं ते बनवलं त्या कुणा अनोळखी कामगाराला, की तुम्हाला, की ज्याच्यामुळे लोखंडाला आणि तेलाला एकमेकांशी असं वागता येतं त्याला.

मुलगी पुढं झाली, वाकली. “सर, ह्या रेघा तिरक्या आहेत.”

“हो.”

“मग त्या दुसऱ्या?”

“ह्या असाव्या लागतात. त्या नसाव्या लागतात. तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं.”

तिनं मागं वळून टेबलावरच्या रंगीत मॉडेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, जर्नल परत काढायचं?” सगळे कण्हले. परत काढायचं, मी म्हणालो. मग गॉगल चढवला, ग्राइंडर घेतला आणि पहिल्या सिलिंडरच्या बाजूनं कापायला सुरुवात केली. दुपार झाली. तीनही सिलिंडर उघडले. काकूंनी सांगितलं होतं तसा वागलो, ठिणग्या आणि गॉगल होते म्हणून सोपं गेलं. आता ते टेबलावर आहे. रंग दिलेला नाही. तुमच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन पोरांचं झालं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट इथंच लिहितो. मुलांना मी म्हणालो की उत्तर चुकलं. ते चुकून दिलेलं नव्हतं. मला बरोबर उत्तर त्या दिवशीही येत होतं. वर्गात हे अजून सांगितलेलं नाही.